ब्रेकचा बोल्ट काही केल्या सुटत नाहीये, कुणी मार्ग सांगा

निळी_हॅचबॅक, शनिवार सकाळी ११:२०

मंडळी नमस्कार. मी भांडुप पूर्वेला राहतो, मिठागरांच्या बाजूला. गाडी २०१४ ची हॅचबॅक, पहिल्यापासून सोसायटीत उघड्यावरच उभी असते. पाऊस संपल्यापासून ब्रेक मारला की पुढून खर्रर्र आवाज यायला लागला म्हणून आज चाक काढलं तर उजवीकडच्या आतल्या पॅडचं मटेरियल जेमतेम दोन मिलिमीटर उरलंय आणि डिस्कच्या कडेला बोट फिरवलं की चांगला उंचवटा लागतो. दिवाळीत आईबाबांना घेऊन गावाला जायचंय, म्हणजे वाटेत घाट आलाच, त्यामुळे पॅड आणि डिस्क दोन्ही बदलायचं ठरवलं, सामान आणून ठेवलंय.

कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) छोटे बोल्ट, चौदाचे म्हणजे चौदा मिलिमीटर पान्याचे, पटकन सुटले. पण डिस्क काढायची तर कॅलिपर धरणारं मागचं ब्रॅकेट काढावं लागतं आणि त्याचे दोन मोठे बोल्ट, सतराचे, ते हलतच नाहीयेत. दोन तास झाले. रिंग पान्याला दोन फुटी पाइप लावून ओढलं, गंजाचा स्प्रे मारला, परत ओढलं. खालच्या बोल्टावरून पाना दोनदा सटकला आणि आता त्याचे कोपरे गोल व्हायला लागलेत. वरचा तर जणू वेल्ड केलाय. हात सोलवटलेत. पुढे काय करू?

पाना_सतरा, शनिवार ११:४१

आधी थांब. पाइप बाजूला ठेव. सटकणारा पाना परत त्याच बोल्टला लावायचा नाही हा पहिला नियम, प्रत्येक वेळी थोडं थोडं डोकं खातो तो. तुझा रिंग पाना बारा कोपऱ्यांचा असणार, सेटमध्ये तेच येतात. बारा कोपऱ्यांवाला बोल्टाला फक्त टोकांवर पकडतो, सहा कोपऱ्यांची गोटी (सॉकेट) सपाट बाजूंना दाबते, त्यामुळे तीच ताकद लावली तरी कोपरे तुटत नाहीत. ब्रेकच्या कामाला सहा कोपऱ्यांचीच गोटी घ्यायची. आणि गाडी कशावर उभी आहे? नुसत्या जॅकवर असेल तर आत्ता खाली जाऊन घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लाव आणि मग पुढचं वाच.

टॉर्कच_टॉर्क, शनिवार ११:५८

भावा एवढं काय त्यात, चार फुटी पाइप लाव आणि लटक, नाहीतर गॅसचा टॉर्च मार दोन मिनिटं, लाल झाला की लोण्यासारखा सुटतो, आमच्याकडचा मेकॅनिक असंच करतो.

वर्कशॉपवाले_काका, शनिवार १२:३०

टॉर्क, रागावू नकोस पण हा सल्ला घरी काम करणाऱ्याला देऊ नकोस. मी बेस्टच्या वर्कशॉपात २८ वर्षं काढली. बसचे ब्रेक वेगळे, हवेवरचे, पण गंज तोच. आग लावायची तर आजूबाजूला काय काय आहे ते माहीत पाहिजे. त्या बोल्टापासून वीतभर अंतरावर रबरी ब्रेक होज (ब्रेक ऑइलची नळी) आहे, कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिनांची रबरी बुटं आहेत, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर सेन्सरची वायर आहे, आत बेअरिंगचं ग्रीस आणि सील आहे. ब्रेक ऑइल स्वतः पेट घेतं. होज आतून भाजला तर बाहेरून कळतसुद्धा नाही, पंधरा दिवसांनी घाटात कळतं. आणि ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारला असेल तर आगीचं नावच काढायचं नाही, काही क्लीनरमध्ये क्लोरीनवाली द्रव्यं असतात, ती तापली की फॉस्जीन वायू होतो, तो फुप्फुसं जाळतो.

चार फुटी पाइपचंही तेच. गाडी वर उचललेली असताना तुम्ही लटकलात आणि बोल्ट अचानक सुटला की तुम्ही एकीकडे आणि गाडी एकीकडे.

निळी, मला एक सांग, पॅड-डिस्कच्या समोर बसून काम करतोयस की चाकाच्या मागून?

निळी_हॅचबॅक, शनिवार १२:५२

काका, गाडी जॅकवरच होती. आत्ता वरच्या शेजाऱ्यांकडून दोन घोड्या आणल्या आणि खाली प्लायचे तुकडे टाकले कारण आमच्याकडे पेव्हर ब्लॉक आहेत, ते खचतात. मागच्या चाकांना पुढून-मागून विटा लावल्यात.

मी डिस्कच्या समोर, बाहेरच्या बाजूला बसतो आणि हात वरून आत घालून पाना लावतो. घड्याळाच्या उलट फिरवतोय, नेहमीसारखं.

वर्कशॉपवाले_काका, शनिवार १३:०५

तिथंच घोळ आहे बाळा. त्या बोल्टाचं डोकं आतल्या बाजूला आहे, इंजिनाकडे तोंड करून. तू बाहेरून बघतोयस म्हणजे बोल्ट पाठीमागून बघतोयस. डोक्याकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट म्हणजे सुटणं, पण तुझ्या बाजूने तेच घड्याळाच्या दिशेने दिसणार. तू दोन तास पाइप लावून तो बोल्ट आवळत होतास.

असं कर. स्टीयरिंग पूर्ण डावीकडे वळव. उजवं चाक आहे आणि तुझ्या गाडीचा कॅलिपर हबच्या (ज्यावर चाक बसतं तो भाग) मागच्या अंगाला असेल तर ती बाजू बाहेर येते आणि दोन्ही बोल्टांची डोकी चाकाच्या मागच्या पोकळीतून सरळ समोर दिसतात. तिथे बसायचं, डोक्याकडे बघायचं आणि मग दिशा ठरवायची. आमच्याकडे नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी एक बोल्ट हातात देऊन हे फिरवायला लावायचो, दोन्ही बाजूंनी.

निळी_हॅचबॅक, शनिवार १३:१०

अरे देवा. बरोबर आहे. दोन्ही बोल्ट मी आवळलेत. आता तर आणखीच घट्ट झाले असतील ना?

पाना_सतरा, शनिवार १३:२२

झाले असतील पण हरकत नाही, सुटतील. हिशोब बघ. बाराचा बोल्ट, सतराचं डोकं, असे ब्रॅकेटचे बोल्ट बऱ्याच जपानी घराण्यातल्या गाड्यांना साधारण ८० ते ११० न्यूटन मीटरला (आवळण्याच्या जोराचं माप) आवळलेले असतात, तुझ्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघ. अर्धा मीटरच्या दांड्याच्या टोकाला २० किलोचा जोर दिलास की जवळपास १०० न्यूटन मीटर होतात. तेच वीतभराच्या रॅचेटवर करायचं तर ४० किलो लागतात आणि वर रॅचेटचे दात जातात ते वेगळंच. म्हणून ब्रेकर बार (गोटी लावायचा लांब, साधा दांडा), सव्वा-दीड ते दोन फुटी, अर्धा इंची चौकोनाचा. गंजलेल्या बोल्टाला दुप्पट लागले तरी त्यावर माणूस बसून देऊ शकतो, लटकावं लागत नाही.

वेसावकर, शनिवार १४:१५

आम्ही वेसाव्याचे, होडीचं इंजिन खोलायचं म्हणजे गंजलेला बोल्ट हा रोजचाच. खाऱ्या हवेतला गंज आणि नुसत्या पावसाचा गंज यात फरक आहे, मीठ आट्यांत जाऊन बसतं आणि हवेतला ओलावा ओढत राहतं, म्हणजे ऊन पडलं तरी आतलं काम चालूच. तुम्ही मिठागराजवळ राहता म्हणजे आमच्यासारखंच.

आमच्याकडे घाई कुणी करत नाही. रात्री वायर ब्रशने आटे घासायचे, डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी बोल्टाला गुंडाळायची, हातोड्याने डोक्यावर पाच-सहा टोले द्यायचे आणि झोपायचं. पहाटे परत टोले, परत डिझेल. वडील म्हणायचे तेल आत जायला वाट करून द्यावी लागते, ती वाट टोल्याने होते, तेलाने नाही. पण तुमचा ब्रेक आहे, डिझेल डिस्कवर किंवा पॅडवर गेलं तर चालायचं नाही, ते जपा.

वर्कशॉपवाले_काका, शनिवार १४:४०

वेसावकरांनी लाखातलं सांगितलं. टोल्याने गंजाचा थर तडकतो, त्या तड्यातून तेल केसासारखं आत सरकतं. नुसता स्प्रे मारून पाच मिनिटांत पाना लावला तर तेल फक्त बाहेरच.

आता नीट बघा, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तो बोल्ट नकलमधून (हब धरणारा, स्टीयरिंगबरोबर वळणारा लोखंडी भाग) आरपार जातो आणि त्याचे आटे पकडतात ते ब्रॅकेटमध्ये. बोल्टाचं टोक डिस्कच्या बाजूला दोन-तीन आटे बाहेर डोकावत असतं. ते बाहेर आलेले आटे सगळ्यात जास्त गंजलेले, आणि बोल्ट सोडताना तेच आटे ब्रॅकेटमधून मागे यायचे असतात. म्हणून तेल डोक्याकडे मारण्यापेक्षा त्या टोकावर मारायचं, आणि त्याआधी ते टोक वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायचं. डिस्कला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळ. तरी थेंब गेलाच तर जुनी डिस्क फेकायचीच आहे, पण नवीन बसवताना हात साबणाने धू आणि डिस्क ब्रेक क्लीनरने पूस.

काही बोल्टांना कारखान्यातूनच आट्यांना गोंद लावलेला असतो, तो सुटताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत जड जातो, घाबरायचं नाही.

अंधेरी_सबवे, शनिवार १६:०५

वाचतेय आणि टिपून ठेवतेय. माझी गाडी जुलैमध्ये अर्धं चाक बुडेल एवढ्या पाण्यात दोन तास उभी होती, त्यानंतर मागच्या ब्रेकचे ड्रम निघत नव्हते. हातोड्याने मारून ड्रमची कड तुटायची वेळ आली होती. मग कळलं की ड्रमच्या तोंडावर दोन छोटी भोकं असतात, आत आटे पाडलेले, माझ्या गाडीत आठचे. त्यात दोन आठचे बोल्ट हाताने लावायचे आणि बाराच्या पान्याने आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळत जायचं, बोल्ट हबला रेटतात आणि ड्रम आपोआप बाहेर सरकतो. हँडब्रेक सोडलेला पाहिजे आणि पुढच्या चाकांना विटा पाहिजेत. एकच बोल्ट आवळत बसलं तर ड्रम तिरका अडकतो.

निळी, तुमच्या डिस्कला हबवर पकडणारे फुलीचे छोटे स्क्रू आहेत का बघा. असतील तर साधा स्क्रू ड्रायव्हर लावूच नका, फुली लगेच खराब होते. हातोड्याने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो, प्रत्येक टोल्याला टोक आत दाबतो आणि त्याच वेळी थोडा फिरतो. माझे दोन्ही स्क्रू तिसऱ्या टोल्याला सुटले.

निळी_हॅचबॅक, शनिवार १८:३०

ताई, आहेत, दोन आहेत. धन्यवाद, नाहीतर उद्या त्यांच्याशीच झगडत बसलो असतो.

दुपारी मस्जिदला उतरून नागदेवीला जाऊन आलो. सतराची सहा कोपऱ्यांची गोटी, सोळाची पण, अर्धा इंची ब्रेकर बार आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर. परत येऊन आटे घासले, पिशवी गुंडाळली, टोकावर तेल, डोक्यावर टोले. रात्री जेवणानंतर परत एकदा करतो. वॉचमनदादा उजेडाला टॉर्च धरून उभे होते.

टॉर्कच_टॉर्क, शनिवार १९:१०

काकांचं पटलं. होजचं माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. माझ्याकडे बॅटरीवाली इम्पॅक्ट गन (झटके देत बोल्ट फिरवणारी) आहे, ठाण्यात राहतो, हवी असेल तर सांगा, उद्या आणून देतो. फक्त तिला काळ्या गोट्याच लावायच्या, चकचकीत क्रोमवाल्या फुटून तुकडे उडतात.

निळी_हॅचबॅक, रविवार सकाळी ८:५५

वरचा सुटला!! स्टीयरिंग डावीकडे, मागच्या पोकळीतून गोटी पूर्ण आत ठोकून बसवली, बार आडवा, दोन्ही पाय टेकवून बसलो आणि हळूहळू जोर वाढवत गेलो. आधी काहीच नाही, मग बार किंचित वाकल्यासारखा वाटला आणि मग जो कटाक आवाज झाला की मला वाटलं बोल्ट तुटला. तुटला नव्हता. अर्धा फेरा गेला आणि मग हाताने आला. आट्यांत तपकिरी पीठ भरलेलं, मधले दोन आटे पांढरट, बाकी बोल्ट नव्यासारखा.

खालचा मात्र गोटीतही थोडा फिरतोय, कोपरे गेलेत.

पाना_सतरा, रविवार ९:०८

सोळाची गोटी आणलीयेस ना, त्यासाठीच. डोक्यावरचा गंज घास, सोळाची सहा कोपऱ्यांची गोटी डोक्यावर धर आणि हातोड्याने ठोकून बसव. जाणार नाही असं वाटेल, ठोकत राहा, सरळ ठोक, तिरकी नको. कोपरे गेलेत म्हणजे डोकं सतरापेक्षा लहान झालंय, सोळा त्यात चावून बसते. आणि ते ठोकणं म्हणजे वर सांगितलेले टोलेच, एका कामात दोन कामं. मग आधी अगदी केसभर आवळायच्या दिशेने दाब, आणि मग सोड. गंजाची पकड दोन्हीकडून मोडते.

निळी_हॅचबॅक, रविवार ९:१२

आणि समजा डोकंच तुटलं तर?

वर्कशॉपवाले_काका, रविवार ९:२०

तर रडायचं नाही. वर सांगितलं ना, आटे ब्रॅकेटमध्ये आहेत. डोकं तुटलं तर नकलमधलं भोक मोकळं होतं, ब्रॅकेट हातात येतं आणि तुटका तुकडा ब्रॅकेटमध्ये राहतो. ते ब्रॅकेट रुमालात बांधून कुठल्याही लेथवाल्याकडे न्यायचं, तो ड्रिल मारून काढून देतो, नाहीतर उरलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून फिरवतो, आणि वेल्डिंग गाडीपासून लांब होतं हे सगळ्यात चांगलं. सगळ्या गाड्यांत रचना अशीच नसते, पण तू वरचा काढलायस म्हणजे बघितलंच असशील.

थांबवायची जागा फक्त ब्लीडिंगचा, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा, निपल. तो आतून पोकळ असतो आणि टचकन मोडतो. तुला तो आज उघडायचाच नाहीये, त्याला हातच लावू नकोस.

निळी_हॅचबॅक, रविवार १०:४०

निघाला. सोळाची गोटी ठोकायलाच पंधरा मिनिटं लागली, मग दुसऱ्या झटक्यात सुटला. मग बोल्ट गोटीत अडकून बसला, तो मागून खिळा घालून ठोकून काढला. फुलीचे दोन्ही स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरने पाच टोल्यांत. डिस्क हबला चिकटलेली होती, मागून रबरी हातोड्याने फिरवत फिरवत मारली आणि आली.

आई खिडकीतून बघत होती, डिस्क हातात आली तेव्हा वरून टाळ्या वाजवल्या. जुन्या डिस्कच्या कडेला गंजाचे पापुद्रे निघतायत, नखाने सुद्धा. या ब्रेकवर मी गेल्या आठवड्यात घोडबंदरला जाऊन आलो.

वर्कशॉपवाले_काका, रविवार ११:१५

शाब्बास. आता बसवणं हे खरं काम, घाई नको.

कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवला नाहीस ना? तारेने स्प्रिंगला बांध. हबचा चेहरा वायर ब्रशने पत्रा दिसेपर्यंत घास, तिथे गंजाचा खडा राहिला तर डिस्क तिरकी बसते आणि पेडल थरथरतं. ती काळी धूळ फुंकू नको, हवा मारू नको, तोंडाला मास्क आणि ओल्या फडक्याने पुसून घे. पिनांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस, साधं ग्रीस रबर फुगवतं. पिस्टन (कॅलिपरमधला, पॅडला रेटणारा) मागे रेटायच्या आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघ, काठोकाठ असेल तर थोडं ओढून घे, ते रंगावर सांडलं तर रंग जातो, सांडलंच तर लगेच पाणी ओत.

आणि ते दोन बोल्ट परत लावायचे नाहीत. तू आवळायच्या दिशेने दोन फुटी पाइप लावला होतास, किती ताणलेत देव जाणे, आणि एकाचं डोकं गेलंय. नवीन दोन घे, कंपनीचेच. आट्यांना तेल फासून आवळू नकोस, ओल्या आट्यांवर टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला कटकन वाजणारा पाना) वाजला तरी बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो.

टॉर्क रेंच आहे का तुझ्याकडे?

निळी_हॅचबॅक, रविवार ११:३०

नाही काका. बोल्टांसाठी सुद्धा आता उद्यापर्यंत थांबावं लागेल, गाडी तशीच घोड्यांवर ठेवतो आणि वॉचमनदादांना सांगून ठेवतो.

वर्कशॉपवाले_काका, रविवार ११:४२

मी मुलुंडला असतो. खासगीत निरोप टाक, संध्याकाळी येऊन माझा घेऊन जा. रिटायर झालो तेव्हा घेतलेला आहे, दर दसऱ्याला पूजेत असतो. वापरून झाला की स्प्रिंग ढिली करून सगळ्यात खालच्या आकड्याला आणून ठेव एवढंच.

अंधेरी_सबवे, रविवार १२:२०

निळी, डावीकडचं आजच तेल लावून ठेवा. आणि चाक बसवल्यावर गाडी सुरू करायच्या आधी पेडल दाबत राहा, पहिल्या काही वेळा ते जमिनीला जातं कारण पिस्टन मागे गेलेला असतो. माझ्या भावाने हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली होती, मागे भिंत होती म्हणून थांबली.

निळी_हॅचबॅक, पुढचा शनिवार रात्री ९:१५

उजवीकडचं सोमवारी रात्री झालं, डावीकडचं आज. डावीकडे चार दिवस रोज रात्री तेल आणि टोले चालू होते. स्टीयरिंग उजवीकडे वळवलं, डोक्याकडे बघून दिशा तीनदा तोंडाने म्हटली आणि बार लावला, दोन्ही बोल्ट पाठोपाठ. आख्खी बाजू पाऊण तासात. नवीन बोल्ट मॅन्युअलच्या आकड्याला आवळले, काकांचा रेंच कट् वाजला तेव्हा बाबांना पण एकदा ऐकवला. उजवीकडचं झाल्यावर पहाटे सहाला सर्व्हिस रोडवर नेऊन, नवीन पॅड आणि डिस्क एकमेकांना बसावेत म्हणून ५० वरून १० वर असे दहा ब्रेक मारले, मध्ये थंड होऊ देत, उद्या डावीकडच्यासाठी परत करणार. पेडल आता वरच लागतं, आवाज अजिबात नाही.

टॉर्क, गनची गरज पडली नाही पण तुम्ही ठाण्याहून यायला तयार झालात हे लक्षात ठेवीन. वेसावकर, डिझेल नाही वापरलं पण टोले तुमचेच.

मंगळवारी पहाटे चारला निघतोय. काका, उद्या संध्याकाळी रेंच आणून देतो.

वर्कशॉपवाले_काका, पुढचा शनिवार रात्री ९:४०

रेंच उद्या नको, गाडीत ठेव. पनवेलला चहाला थांबशील तेव्हा चारही चाकांचे नट एकदा आकड्याला लावून बघ. परत आल्यावर दे.